जिन्याखालचं कपाट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा विषय मी स्वतःच मागून घेतला. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्सची लढाई, गणपती या सगळ्यांवर लिहिणारे आपल्याकडे भरपूर आहेत. जिन्याखालच्या पुस्तकांच्या कपाटावर लिहायला कोणी पुढे येणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या कपाटाचं एक देणं माझ्या अंगावर आहे. ते ओघाने येईलच.

जे सभासद अलीकडे राहायला आले त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की ए विंगच्या जिन्याखाली, मीटर-खोलीला लागून जे हिरवं लोखंडी कपाट आहे ते भंगार नाही. त्यात पुस्तकं आहेत. सोसायटीची नोंदणी झाली १९९९ साली आणि हे कपाट आलं त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा आपल्या पुढचा रस्ता कच्चा होता, रिक्षावाले यायला कुरकुर करायचे आणि संध्याकाळी करायला काही नसायचं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी महिला मंडळाच्या बैठकीत विषय काढला, की प्रत्येक घराने एकेक दिवाळी अंक विकत घ्यायचा आणि तो सगळ्यांत फिरवायचा. फिरवण्याचा हिशोब ठेवायला दोनशे पानी वही आली, अंक ठेवायला कुणाच्या तरी बंद पडलेल्या ऑफिसातलं कपाट आलं आणि त्यातून लायब्ररी झाली. ठराव नाही, उद्घाटन नाही, नारळसुद्धा फुटला नाही.

ही अंक फिरवण्याची पद्धत किती जुनी आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी त्यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली. म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवायची आपली सवय शंभर वर्षांपलीकडची आहे. अंक महाग, घरात वाचणारे चार, शेजारी वाचणारे आठ, तेव्हा तो हातोहात जाणार हे ओघानेच आलं. चाळीत जे आपोआप व्हायचं ते फ्लॅटमध्ये वही ठेवून करावं लागलं, एवढाच फरक.

पण आपण ठाण्यात राहतो, आणि ठाण्यात राहून वाचनालयाची गोष्ट सांगायची तर ती १८९३ पासून सांगावी लागते.

त्या वर्षी १ जूनला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. सुरू करणाऱ्यांत मुख्य दोघे होते, विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णू भास्कर पटवर्धन. भाव्यांचा जन्म १८७१चा, म्हणजे त्या दिवशी त्यांचं वय होतं एकवीस. आपल्या सोसायटीतली एकवीस वर्षांची मुलं मला आवडतात, त्यांची थट्टा करायची नाही. पण त्या वयात एखाद्या मुलाने “मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक मी गोळा करणार” असं ठरवावं याचं मला आजही नवल वाटतं. पुढे याच भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. शाळेत आपण ज्यांना नुसतं ‘सारस्वतकार भावे’ म्हणून पाठ केलं तेच हे. पोटापाण्यासाठी मिठाचा व्यवसाय आणि जीव जुन्या पोथ्यांत.

वाचनालयं तोवर नव्हती असं नाही. रत्नागिरीला १८२८, नगरला १८३८, नाशिकला १८४०, पुण्याला १८४८, कोल्हापूरला १८५० अशी ती निघत गेली होती. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादी होते. पण यातल्या बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचं नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. साहेबाचा आशीर्वाद, साहेबाची वर्तमानपत्रं आणि कपाटं बहुतेक इंग्रजीने भरलेली. मराठी पुस्तकं असायची, पण पाहुण्यासारखी. ठाण्याच्या मंडळींनी हे उलटं केलं. केवळ मराठी ग्रंथ जमवण्यासाठी काढलेली ही पहिली संस्था. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईत त्याच धर्तीवर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. मुंबईने ठाण्याचं अनुकरण केल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे ठाणेकराने मुद्दाम लक्षात ठेवावं. (दादरहून इथे राहायला आलेल्या सभासदांनी राग मानू नये.)

आता कोणी म्हणेल, सगळी पुस्तकं जमवायची म्हणजे काय विशेष? छापलेलं पुस्तक तर शेकड्यांनी निघतं, कुठेतरी राहीलच की एखादी प्रत. मलाही तसंच वाटायचं. पण तसं होत नाही. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ घ्या. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या या माणसाने जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या आणि १६१६ साली तो ग्रंथ गोव्यातल्या रायतूर इथे छापला गेला, रोमन लिपीत. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील ग्रंथांपैकी हा एक, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. त्यांवरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. म्हणजे छापलेलं गेलं आणि हाताने लिहिलेलं राहिलं. कोणीतरी जपून ठेवल्याशिवाय काही उरत नाही, छापलेलंसुद्धा.

आणि छापलेल्या पुस्तकाचं आपल्याकडे सुरुवातीला प्रेमाने स्वागत झालं अशीही समजूत नको. छापखान्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला हात लावत नसत. गणपत कृष्णाजी हे मुंबईतले छापखानदार. त्यांनी १८३१ साली पंचांग छापलं आणि लोकांनी ते देवघराजवळ ठेवावं म्हणून शाईत चरबीऐवजी तूप वापरलं, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. मोबाइलवर वाचलेलं खरं वाचन नव्हे असं मी घरात म्हणतो, तेव्हा माझा मुलगा मला हीच गोष्ट ऐकवतो, की बाबा, तुम्ही शाईत चरबी शोधताय. त्याच्यापुढे मी अजून नीट उत्तर देऊ शकलेलो नाही.

सरकारही पुस्तकांची नोंद ठेवत होतं. १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत सरकारकडे जायची आणि पानं किती, प्रती किती, किंमत काय, छापलं कुणी याची तिमाही यादी निघायची. ती यादी कशासाठी होती ते उघड आहे. दहा वर्षांपूर्वीच सत्तावन्नचा उठाव झालेला, त्यामुळे कोण काय छापतं यावर लक्ष हवंच होतं. त्याच पुस्तकांकडे भाव्यांनी घरच्या माणसाच्या नजरेने पाहिलं, हा माझ्या मते खरा फरक. पुढे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, मग तीच १९५०पर्यंत आणली. असं काम करता येतं ते कुठेतरी कोणीतरी पुस्तकं फेकली नाहीत म्हणून.

आपल्या कपाटाकडे परत येतो.

आपली वही मी या लेखासाठी पहिल्या पानापासून वाचून काढली. सोसायटीचा खरा इतिहास मिनिट-बुकात नाही, या वहीत आहे असं माझं मत झालं आहे. कोणाच्या घरी बाळ येणार होतं ते कळतं, कारण बालसंगोपनाचं पुस्तक नेलेलं दिसतं आणि चार महिन्यांनी परत आलेलं. दहावीचं वर्ष कोणाकडे होतं ते कळतं, कारण त्या घराच्या नोंदी जूनपासून थांबतात आणि एप्रिलमध्ये ‘फास्टर फेणे’ घेऊन पुन्हा सुरू होतात. सी विंगच्या एका काकांनी सलग दोन वर्षं एकही पुस्तक नेलं नाही. त्या काळात काकू आजारी होत्या. नंतरच्या नोंदी त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत, आणि त्या सगळ्या काकूंना आवडायच्या त्या लेखिकांच्या आहेत.

२००५ च्या २६ जुलैचा पाऊस कोणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आपल्याकडे तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. मोटर वाचवायला सगळे धावले, कपाट कोणाच्या लक्षातच आलं नाही. खालचे दोन कप्पे गेले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर दोरी बांधून आपण पुस्तकं वाळत घातली होती, ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल. ‘किशोर’चे जुने अंक फुगून उशीएवढे झाले होते. मुलांनी तरीही ते वाचले, पानं एकमेकांपासून फुंकर मारून सोडवत.

२०१० च्या डिसेंबरात साहित्य संमेलन आपल्या ठाण्यात भरलं, अध्यक्ष उत्तम कांबळे. लहानपणी कष्ट करत, मिळेल ते वाचत वर आलेला हा माणूस. आपल्यापैकी बरेच जण गेले आणि पिशव्या भरून पुस्तकं घेऊन आले. त्या वर्षी कपाटाला वरती एक फळी जोडावी लागली. त्यानंतर मात्र वहीतल्या नोंदी विरळ होत जातात. कारणं सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर मी लिहीत बसत नाही. फोन सगळ्यांच्या खिशात आहेत, माझ्याही.

आता ते देणं.

बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. मुलं त्यांना ‘खिळेवाले आजोबा’ म्हणायची. ते गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. उभं आयुष्य त्यांनी शिशाचे खिळे जुळवले. तरुण सभासदांना हे काम ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून थोडं सांगतो. एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा, आणि अक्षर त्यावर उलटं. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो खण. कंपोझिटरने हस्तलिखित समोर ठेवायचं आणि न बघता हात त्या त्या खणात जायला हवा. ओळी जुळवून पान बांधायचं, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, छापायचं. आणि छापून झालं की पान सोडायचं, खिळे धुवून परत आपापल्या खणात टाकायचे. पुढच्या पुस्तकाला तेच लागणार असतात ना! आजोबा म्हणायचे, “लेखकाकडे निदान हस्तलिखित राहतं. माझ्याकडे रात्री काही राहत नाही.” ऑफसेट आणि कॉम्प्युटर आले तशी त्यांची नोकरी गेली. त्याबद्दल ते तक्रार करायचे नाहीत. फक्त कोणी लग्नपत्रिका दिली की आधी अक्षरांतलं अंतर बघायचे, नाव नंतर.

इथे राहायला आल्यावर त्यांनी दोन खोके भरून पुस्तकं कपाटाला दिली. सगळी त्यांनी स्वतः जुळवलेली. त्यांत एक पातळसं पुस्तक होतं, कोकणातल्या दशावतारी खेळांवरचं. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘जुळणी माझी’, आणि खाली सही. पुस्तकावर लेखक असतो, प्रकाशक असतो, मुद्रकाचंही नाव असतं. जुळवणाऱ्याचं कुठेच नसतं. ते त्यांनी या एका प्रतीवर स्वतःच लिहून ठेवलं होतं.

आजोबा २०१५ साली गेले. २०१६ साली मी सेक्रेटरी होतो. रंगकाम काढलं होतं, जिन्याखालचा भाग मोकळा करायचा होता आणि खालच्या कप्प्यात वाळवी दिसली. कमिटीने मला विचारलं, मी म्हटलं, जुनी, फाटकी, पिवळी पडलेली काढून टाकू. काढायचं काम मीच केलं, एका रविवारी दुपारी, घाईत. पिवळा कागद दिसला की पोत्यात. दोन पोती रद्दीवाल्याला दिली आणि पैसे किरकोळ जमेत टाकले. ती पावती आजही फाइलला आहे, खाली माझी सही.

२०१८ च्या मे महिन्यात आजोबांची मुलगी नागपूरहून आली होती. फ्लॅटचे कागद पुरे करायला. जाताना माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, बाबांचं ते सहीचं पुस्तक कपाटात आहे ना? बदली दुसरी चार पुस्तकं ठेवते, पण ते मला द्याल का?” मी किल्ली घेतली, खाली गेलो, अर्धा तास कपाट उपसलं. मनातून मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. वर येऊन खरं काय ते सांगितलं. ती काही बोलली नाही. “असू दे, काका,” एवढंच म्हणाली आणि चहा न घेता गेली.

लॉकडाऊनच्या काळात हे मला फार आठवायचं. मार्च २०२० मध्ये सगळी वाचनालयं बंद झाली आणि आपलं कपाट अचानक पुन्हा जागं झालं. किल्ली माझ्याकडे होती. फोनवर नाव सांगायचं, मी पुस्तक पिशवीत घालून लिफ्टमध्ये ठेवायचो आणि मजल्याचं बटण दाबून द्यायचो. रिकामी लिफ्ट वर जायची, परत आलेलं पुस्तक खाली यायचं. ते आधी तीन दिवस उन्हात. एकदा सहाव्या मजल्यावरच्या आजींनी पुस्तकाबरोबर वाटीभर साजूक तुपातला शिरा पाठवला. वहीत त्या तीन-चार महिन्यांत जेवढ्या नोंदी आहेत तेवढ्या आधीच्या तीन वर्षांत नाहीत. कोणी मागेल ते नसायचं, जे असेल ते लोक वाचायचे. आणि मी दर वेळी पोत्यात गेलेली पुस्तकं मोजायचो.

हा लेख लिहायचं ठरल्यावर मी मराठी ग्रंथसंग्रहालयात जायला लागलो, मुख्यतः १८९३ची माहिती नीट करून घ्यायला. तिथे एकदा सहज दशावताराच्या त्या पुस्तकाचं नाव विचारलं. ते निघालं! तेच पुस्तक, तीच आवृत्ती, त्याच गिरगावच्या छापखान्याचं नाव. मी शेवटचं पान उघडून पाहिलं. अर्थात कोरं. सही असणार नव्हतीच. पण पुस्तक हातात धरून बसल्यावर एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली, जी इतक्या वर्षांत आली नव्हती. या प्रतीतली अक्षरंही आजोबांनीच जुळवलेली आहेत. खिळे त्याच रात्री खणात गेले असतील, पण छापलेली ओळ त्यांच्या हातची आहे, या प्रतीत आणि जिथे कुठे उरली असेल त्या प्रत्येक प्रतीत.

मुखपृष्ठाचा फोटो काढून मी नागपूरला पाठवला. सहा वर्षांत मी तिच्याशी बोललो नव्हतो. संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, “काका, त्यात पान ६८ बघाल का? बाबा सांगायचे, तिथे त्यांच्या हातून ८६ पडलं होतं. प्रूफ वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटलं. मालकाला त्यांनी कधीच सांगितलं नाही.”

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. ६७ नंतर ८६ आहे, मग ६९.

आता सोसायटीचं. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कपाट काढून तिथे पार्सल ठेवायला रॅक करावा असा विषय आला होता. अडचण खरी आहे, वॉचमनच्या केबिनमध्ये खोकी मावत नाहीत, दूध आणि औषधंसुद्धा त्यातच. निर्णय रौप्यमहोत्सवानंतर घेऊ असं ठरलं. मी कमिटीत नाही, पण सभेत उभा राहणार आहे, आणि २०१६ची ती पावती बरोबर घेऊन जाणार आहे. रॅक मीटर-खोलीच्या दुसऱ्या भिंतीला बसतो, मी टेपने मोजून ठेवलं आहे.

तोवर किल्ली वॉचमनकडे आहे, वही कपाटाच्या आतल्या बाजूला दोरीने बांधलेली आहे. शनिवारी संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकू क्लब हाऊसमध्ये लहान मुलांना वाचून दाखवतात. इंग्रजी शाळेतली मुलं जोडाक्षराला अडखळतात, पण गोष्ट पुढे काय होते यासाठी ती अडखळत का होईना स्वतः वाचतात. ज्यांच्याकडे कपाटातली पुस्तकं राहून गेली असतील त्यांनी कृपया परत आणून द्यावीत. यादी नोटीस बोर्डावर लावली आहे. दंड नाही, कारणही विचारणार नाही. यादीत तिसरं नाव माझं आहे, २०११ पासून.

महोत्सवाच्या कार्यक्रमाला आजोबांची मुलगी नागपूरहून येते आहे. आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ग्रंथसंग्रहालयात जाणार आहोत.